खोडलेला ‘अ’

निकालपत्राच्या एकोणिसाव्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात असे म्हटले आहे : “आरोपीने पश्चात्तापदग्ध होऊन, कोणाच्याही दडपणाविना, स्वतःहून गुन्हा कबूल केला आहे. तत्पूर्वीच स्वतंत्र भाषातज्ज्ञाच्या शास्त्रीय अभिप्रायाने वादग्रस्त पुस्तिकेचा लेखक तोच असल्याचे निर्विवाद ठरले होते.”

दोन वाक्ये. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही, विरामचिन्हे जागच्या जागी. खोटे बोलणाऱ्याने शुद्ध लिहावे, हा संकेत आपल्याकडे पूर्वापार पाळला जातो. या दोन वाक्यांतील विधाने मी तपासणार आहे. पण ती ज्या क्रमाने लिहिली आहेत त्या क्रमाने नव्हे. खोटे ज्या क्रमाने सांगितले जाते त्या क्रमाने ते घडलेले नसते.

आधी ‘स्वतंत्र भाषातज्ज्ञ’ घेऊ. तो तज्ज्ञ मी.

एका दैनिकात मी एकतीस वर्षे मुद्रितशोधक होतो. त्याआधी सहा वर्षे शाळेत व्याकरण शिकवले, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. माझ्या परोक्ष ‘ऱ्हस्वदीर्घ’ म्हणत. स्वतंत्र म्हणजे प्रकरणाशी ज्याचा संबंध नाही असा. ती वादग्रस्त पुस्तिका आठ पानांची आहे आणि आठही पाने माझ्या लाल पेनाखालून गेलेली आहेत. ज्या कलमाखाली हा खटला चालला त्यात ‘लिहिणारा, छापणारा अथवा त्यास साहाय्य करणारा’ असे स्पष्ट शब्द आहेत. म्हणजे ज्याने आरोपीशेजारी उभे राहायचे, त्याला न्यायालयाने खुर्ची दिली, पाणी विचारले आणि स्वतंत्र म्हटले.

आरोपीला आम्ही पणकर म्हणत असू. ते त्याचे आडनाव नव्हे. कोणत्याही खात्याचे निवेदन आले की तो ते जसेच्या तसे उतरवी आणि पुढचा परिच्छेद ‘पण’ने सुरू करी. “नव्या शाळेचे छत मजबूत असल्याचे अभियंत्यांनी सांगितले. पण ते सांगताना अभियंते छताखाली यायला तयार नव्हते.” वयाच्या तेविसाव्या वर्षी तो आमच्याकडे आला. बाप गिरणीत यंत्रे दुरुस्त करणारा. घरात पुस्तक एकच, तेही यंत्राबरोबर आलेले. त्यामुळे त्याची भाषा सरळ होती आणि शुद्धलेखन भीषण. प्रूफ घेऊन तो माझ्या टेबलाशी उभा राही आणि म्हणे, “घ्या मास्तर, पावन करा पाप्याला.”

“अरे, ‘दुरुस्ती’तला ‘रु’ कुणाच्या सांगण्यावरून लांबवलास?”

“दुरुस्ती लांबलीच आहे मास्तर. तीन वर्षं झाली.”

त्या ‘पण’ची शिक्षा त्याला हप्त्याहप्त्याने मिळाली. संपादक भला माणूस होता. आमच्या धंद्यात भला म्हणजे जो हाताने मारत नाही, बदली करतो. पणकरला प्रथम निधनवार्तांवर टाकले. मेलेल्यांबद्दल काय वावगे लिहील, असा हिशेब. पणकर प्रत्येक नावापुढे वय, गल्ली आणि आजार लिहू लागला. तीन आठवड्यांनी वाचकांच्या आपसूक ध्यानात आले, की कातडी कमावण्याच्या कारखान्यामागच्या एकाच गल्लीत सात जण एकाच आजाराने गेले. त्याला तेथून उचलून शब्दकोड्यावर बसवले. दुसऱ्याच रविवारी आडवा शब्द क्रमांक चार : ‘उद्घाटन झाले, बांधायचा राहिला (दोन अक्षरे)’. सबंध शहराने ‘पूल’ लिहिले. मंत्र्यांच्या कचेरीतून फोन आला, तेव्हा संपादक घाम पुसत म्हणाले, “अहो, कोडं आहे ते! उत्तर तुम्हीच काढलंत!”

आता एका शब्दाविषयी लिहिणे भाग आहे. सगळे प्रकरण त्या शब्दावर उभे आहे. ‘परोक्ष’ म्हणजे डोळ्यांच्या पलीकडचे, पाठीमागे घडलेले. त्याला ‘अ’ लावला की अर्थ उलटतो : ‘अपरोक्ष’ म्हणजे डोळ्यांसमोरचे, प्रत्यक्ष. पण आपल्या लोकांनी गेली कित्येक वर्षे ‘माझ्या अपरोक्ष’ असे म्हणून ‘माझ्या पाठीमागे’ असा अर्थ घेतला आहे. न्यायाधीश घेतात, प्राध्यापक घेतात, शहरातली सगळी वर्तमानपत्रे घेतात. एकटे आमचे वर्तमानपत्र घेत नसे, कारण तेथे मी होतो. पणकर प्रत्येक वेळी ‘अपरोक्ष’ लिही आणि मी प्रत्येक वेळी ‘अ’वर तिरकी रेघ मारून पानाच्या समासात ते अक्षर काढण्याची खूण करी. त्याला हा शब्द फार लागे. बैठका लोकांच्या पाठीमागे होत, निविदा पाठीमागे उघडत, जमिनी पाठीमागे जात. इतर वार्ताहरांना तो लागत नसे. जे होते ते आपल्यासमोरच होते, अशी त्यांची श्रद्धा होती.

मग धरणाचे दरवाजे उघडले.

पहाटे पाच वाजता, खालच्या पात्रालगत वाळू चाळणाऱ्यांची वस्ती झोपेत असताना. चौदा माणसे गेली. पाटबंधारे खात्याने दुपारीच निवेदन काढले : रहिवाशांना भोंगा वाजवून पूर्वसूचना देण्यात आली होती. पणकर वस्तीवर गेला, मग धरणाच्या कचेरीत गेला, मग दुरुस्तीच्या गोदामात गेला. गोदामात त्याला भोंगा सापडला. नऊ आठवड्यांपासून तेथेच होता. गळ्यात दुरुस्तीची चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, तारखेखाली अभियंत्याची सही. सूचना दिली होती, हे मात्र खोटे नव्हते. ती टंकलिखित होती आणि कचेरीच्या आतल्या फळ्यावर टाचलेली होती.

संपादकांनी बातमी वाचली, घडी घातली आणि म्हणाले, “उद्या बघू.” तो उद्या उगवला नाही. पणकरने तीनदा विचारले, चौथ्यांदा ओरडून विचारले आणि त्याच दुपारी त्याला घरी पाठवण्यात आले. अठरा वर्षांची नोकरी एका पिशवीत मावली : दोन डायऱ्या, एक चष्मा, चहाचा कप. माझ्या टेबलाशी थांबून तो म्हणाला, “मास्तर, आता माझ्या चुका कोण काढणार?”

मी म्हणालो, “घेऊन ये. मी कुठं जातोय?”

माझ्या आयुष्यातले हे एकच धाडसी वाक्य. तेही मी बसून बोललो.

पंधरा दिवसांनी तो भर दुपारी माझ्या घरी आला. हस्तलिखिताचे नाव ‘भोंगा’. लेखकाचे नाव नव्हते. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर ते पसरले आणि लाल पेन उघडले. पाचव्या पानावर हे वाक्य होते : ‘सूचना देण्यात आली हे खरे, मात्र ती ज्यांना द्यायची त्यांच्या अपरोक्ष.’

“काय लिहिलंयस हे? त्यांच्या अपरोक्ष म्हणजे त्यांच्या डोळ्यांदेखत. म्हणजे सरकार सुटलं की रे! एका ‘अ’ने चौदा खून माफ!”

तो मोठ्याने हसला. “सगळं जग असंच लिहितं, मास्तर. राहू द्या ना. लोकांना कळतं.”

“लोकांना कळतं म्हणून चूक बरोबर होत नाही. हेच तू भोंग्याबद्दल आठ पानं सांगतोयस ना?”

“पटलं. मारा रेघ.”

मी रेघ मारली. त्याला ‘राहू द्या’ म्हणताना त्या क्षणी एखाद्या भीतीने स्पर्श केला होता का, हे मी त्याला कधी विचारले नाही. मला शुद्धतेचा आनंद झाला होता, आणि आनंद झालेल्या माणसाला दुसऱ्याची भीती दिसत नाही.

पुस्तिका छापली गेली, हातोहात गेली. खात्याला भोंग्याचे उत्तर देता येईना, म्हणून त्यांनी लेखक शोधायला घेतला. संशय पणकरवरच होता, पुरावा नव्हता. छापणारा परगावी निघून गेला होता, हस्तलिखित सापडले नव्हते. तेव्हा एके सकाळी अकराच्या सुमारास तपास अधिकारी माझ्याकडे आला.

येथे ‘शास्त्रीय अभिप्राय’ या शब्दांचा समाचार घ्यायला हवा. शास्त्राला प्रमाण लागते. माझ्या अभिप्रायाचे प्रमाण पुढीलप्रमाणे. अधिकारी तरुण होता, नम्र होता, आणि चपला दाराबाहेर काढून आला. म्हणाला, “मास्तर, तुमचं शुद्धलेखनाचं छोटं पुस्तक पाठ करून मी खात्याची परीक्षा पास झालो.” एकतीस वर्षांत त्या पुस्तकाचे नाव माझ्यासमोर कोणी काढले नव्हते. माझ्या घरच्यांनीसुद्धा. मी चहा टाकला.

त्याने टेबलावर पुस्तिका ठेवली, शेजारी सगळ्या वर्तमानपत्रांची कात्रणे. त्याच टेबलावर. “बघा, यातून काही हाती लागतंय का.” मी चाळत असल्याचे नाटक करत होतो. मग तो सहज म्हणाला, “एक मात्र आहे. हे कुणीतरी तपासून दिलेलं दिसतं. आठ पानांत एक चूक नाही. हल्ली असं कोण लिहितं?”

मी घाईघाईने म्हणालो, “तपासलेलं असेलच असं नाही. काही लोकांना सवयच असते शुद्ध लिहायची.” आणि मग, तोच एक विषय मला येतो म्हणून, आणि तो विषय माझ्यापासून दूर नेणारा आहे असे वाटले म्हणून, मी पाचव्या पानावरच्या ‘परोक्ष’वर बोट ठेवले. व्युत्पत्ती सांगितली. उपसर्ग सांगितला. सांगता सांगता रंगलो. “सबंध शहरात हा शब्द असा कोण लिहितं?” त्याने विचारले. मी कपाटातून जुने अंक काढले. पणकरच्या नावाने छापलेल्या बातम्यांत तो शब्द एकेचाळीस वेळा होता, एकेचाळीसही वेळा शुद्ध. इतर कोठेही शुद्ध नव्हता. अधिकाऱ्याने ते सगळे लिहून घेतले आणि उठताना माझ्या पाया पडला.

अभिप्रायात मी ‘लेखकाची भाषिक बोटखूण’ असा शब्दप्रयोग केला. तो पुढे वर्तमानपत्रांना फार आवडला. बोटखूण होती, यात शंका नाही. बोट माझे होते. पणकरने त्या एकेचाळीसही वेळा चुकीचे लिहिले होते, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होते.

दडपण? निकालपत्र म्हणते, दडपण नव्हते. माझ्यापुरते ते खरे आहे, आणि तेवढे एकच विधान खोटे निघायला मला हवे होते. मला कोणी धमकावले नाही. कोणी आमिष दाखवले नाही. आधी मी खूश झालो, मग घाबरलो, मग पुन्हा खूश झालो. शूरांना मोडायला छळ लागतो. आम्हाला शाबासकी पुरते.

पणकरला अटक झाल्यावर चार महिन्यांनी, साक्षीच्या आदल्या दिवशी, त्याची बायको आली. ती शाळेत गणित शिकवते. लग्न झाल्यापासून मला काका म्हणते. आत आली, बसली नाही.

“बस की गं.”

“नको काका. तुम्ही बसा. तुम्हाला उभं राहून ऐकायची सवय नाही.”

मी बसलो.

“झडतीला आले त्या दिवशी मला अर्धा तास आधी कळलं होतं,” ती म्हणाली. “शेगडी पेटलेलीच होती. हस्तलिखिताची पानं एकदम घातली तर धूर होतो. म्हणून निवडून घातली. आधी तुमच्या लाल शाईची सगळी. ह्यांच्या हातचा कच्चा खर्डा शेवटी राहिला, तो पुरा जळलासुद्धा नव्हता, नळाखाली धरून लगदा केला. म्हटलं, काकांचं वय झालंय.”

मी काहीतरी म्हणालो असेन. काय, ते आठवत नाही.

“ते रेघेचं सांगा असं मी म्हणत नाही. वकीलबाईंनाही मी त्यातलं काही बोलले नाही. उद्या त्या एवढंच विचारणार आहेत, की हा शब्द असा लिहिणारं ह्यांच्याशिवाय दुसरं कोणी आहे का. तुम्ही नुसतं ‘असेल’ म्हणा. तीन अक्षरं आहेत, काका. शंका आली तरी ते सुटतात, असं बाई म्हणतात. खोटंही नाही ते.”

“पाहतो,” मी म्हणालो.

‘पाहतो’ हा आपल्या भाषेतला सर्वांत सुसंस्कृत नकार आहे. ती गणिताची, तिने तो बरोबर मोजला. दाराशी जाऊन म्हणाली, “तुमच्याबद्दल ते घरात कधी वाईट बोलले नाहीत. मी बोलायचे. ते म्हणायचे, मास्तर भित्रे आहेत, पण खोटे नाहीत.”

त्या वाक्यातही ‘पण’ होता.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या खोलीत पंखा फिरत होता आणि कागद उडू नयेत म्हणून कारकुनाने त्यांवर पेपरवेट, शिक्का आणि स्वतःचा डबा ठेवला होता. पणकर पिंजऱ्यात होता. बारीक झाला होता. मला पाहून त्याने मान हलवली, प्रूफ द्यायला आल्यावर हलवी तशी. सरकारी वकिलाने माझा अभिप्राय वाचून दाखवला. भाषा चांगली होती. मग वकीलबाई उठल्या.

“मास्तर, हा शब्द या पद्धतीनं लिहिणारं आरोपीखेरीज दुसरं कुणी या शहरात आहे?”

मी पाणी मागितले. पाणी आले. मी प्रश्न पुन्हा विचारायची विनंती केली. तो पुन्हा विचारण्यात आला.

मी म्हणालो, “याचं उत्तर देण्यापूर्वी ‘अक्ष’ या शब्दाचे अर्थ पाहिले पाहिजेत.” आणि मी ते पाहिले. चार मिनिटे पाहिले. डोळा, इंद्रिय, आस. मागे कोणीतरी जांभई दिली.

“मास्तर,” न्यायाधीश म्हणाले, “इथं वर्ग भरलेला नाही. हो की नाही?”

वकीलबाईंनी तेवढ्यात आणखी एक प्रश्न पुढे सरकवला. त्यांना काही ठाऊक नव्हते; हुशार माणसे अंधारातही दाराशीच येऊन धडकतात. “बरं, असं सांगा. आरोपीच्या बातम्या छापण्याआधी कुणाच्या हाताखालून जायच्या?”

तपास अधिकाऱ्याने वहीतून मान वर केली. माझ्यापुढे दोन उत्तरे होती. खरे उत्तर पणकरला सोडवणारे होते आणि मला त्याच्या जागी नेणारे. दुसरे उत्तर द्यायला मी तोंड उघडलेही होते. काय बोलणार होतो, ते मला पक्के ठाऊक आहे आणि येथे लिहून ठेवतो : ‘आठवत नाही.’ एकतीस वर्षांचे काम, आणि ‘आठवत नाही.’

पणकरने माझे तोंड उघडलेले पाहिले. अठरा वर्षे तो माझ्या टेबलाशी उभा राहिला होता. मी काय बोलणार, हे त्याला माझ्याआधी कळे. तो उठून उभा राहिला.

“पुरे करा, साहेब. मास्तरांना कशाला ताटकळत ठेवता? मी सांगतो.”

वकीलबाई ओरडल्या, “खाली बसा!” त्याची बायको मागच्या बाकावर होती, तिने डोळे मिटले. न्यायाधीशांनी त्याला रीतसर विचारले, कोणी भाग पाडतंय का. तो म्हणाला, “नाही.” हेच ते ‘स्वतःहून’. समोर एक म्हातारा खोटे बोलण्याच्या बेतात आहे, आणि ते खोटे ऐकावे लागू नये म्हणून एखाद्याने सात वर्षांची कैद पत्करली, तर त्याला कायद्यात स्वतःहून म्हणतात. आणि ‘पश्चात्तापदग्ध’ म्हणाल, तर पश्चात्ताप त्या खोलीत होता. निकालपत्राने फक्त पिंजरा चुकीचा लिहिला. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होता आणि आजही तेथून हललेला नाही.

पणकर सावकाश बोलला, लिहून घेता येईल इतका सावकाश. शेवटच्या वाक्यात त्या शब्दापाशी तो क्षणभर थांबला आणि माझ्याकडे पाहून तो शब्द उच्चारला. ‘अ’सकट. खोलीतल्या प्रत्येकाने तो लोकांच्या अर्थाने ऐकला, आणि त्या अर्थाने मी कायमचा निर्दोष सुटलो. माझ्या अर्थाने, मी त्याला अठरा वर्षे ज्या अर्थासाठी छळले त्या अर्थाने, त्याने भर कोर्टात नेमके सत्य सांगितले होते. ते समजणारा माणूस तेथे एकच होता. पणकर सवयीने चुकला, की आयुष्यात प्रथमच तो शब्द बरोबर वापरला, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तुरुंगात भेटायला जाऊन विचारता येईल. मी गेलेलो नाही. खरे काय घडले ते न्यायालयाला कळवणारे एक पत्रही मी लिहिले आहे. तीन वर्षे झाली. त्याची प्रूफे अजून तपासतो आहे.

कारकून लिहिता लिहिता अडला. दिवसभर त्याच शब्दाचा कीस पडला होता. बिचाऱ्याला चूक करायची नव्हती. तो माझ्याकडे वळून अदबीने म्हणाला, “मास्तर, तुम्ही आहातच म्हणून विचारतो. इथं ‘अ’ ठेवायचा की काढायचा?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पणकरही.

“ठेवा,” मी म्हणालो. “बरोबर आहे.”

आरोपीची कबुली, न्यायाधीशांच्या हुकमावरून त्याच्याच शब्दांत नोंदवलेली, पान सात, अक्षरशः अशी आहे :

“भोंगा ही पुस्तिका मी लिहिली. भोंगा जागेवर नव्हता म्हणून लिहिली. त्यातला शब्द न् शब्द माझा आहे आणि चुका असतील तर त्याही माझ्याच. हे सगळं मी मास्तरांच्या अपरोक्ष केलं.”